रंग वाचणाऱ्या कमलाबाई

एमबीबीएसला असताना वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून परीक्षानळी तापवत असू. साखर असेल तर निळ्याचा हिरवा, मग पिवळा, जास्तच असेल तर विटकरी. आता ते काम कागदी पट्टी करते. रंगाकडे असे बारकाईने पाहण्यात आयुष्य गेलेल्या एका मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाईंच्या भगिनी.

जन्म १९११, इंदूर. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष कसोटीचे, काम रात्री उशिरापर्यंत, आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये! प्रकाशाच्या अभ्यासासाठी नोबेल मिळवलेल्या माणसाला एवढे साधे दिसू नये? पुढे मात्र रामन यांनी मुलींना प्रवेश दिला.

दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यात त्यांना सायटोक्रोम सी सापडले. पेशीच्या श्वसनात भाग घेणारे हे लोहयुक्त रंगद्रव्य. इलेक्ट्रॉनच्या देवघेवीनुसार त्याचा रंग बदलतो आणि वर्णपटदर्शकात त्याचे काळे पट्टे उमटतात, पुसट होतात. वनस्पतींच्या पेशींत ते सर्वत्र असते, हे त्यांनी दाखवले. १९३९ ची पीएचडी. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा.

परतल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि लग्नानंतर मुंबईचे विज्ञान संस्थान. नीरेतले लोह आणि जीवनसत्त्वे तपासली, कुपोषितांसाठी. नंतर कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहू लागल्या.

भेसळीची एक चाचणी आपल्यालाही जमेल. दूध उकळून थंड करा, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळे झाले तर पिष्ठ मिसळले आहे. निळे न झाल्याने दूध शुद्ध ठरत नाही. पाणी किंवा युरिया आयोडीनला कळत नाही. हळदीतला मेटॅनिल यलो ओळखायला मात्र तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. ते प्रयोगशाळेवर सोडा. बाथरूमचे ॲसिड घेऊन प्रयोग करणारे रुग्ण भाजलेल्या हातांनी आमच्याकडे येतात.

१९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांना सत्कारासाठी दिल्लीला बोलावले. त्याच समारंभात कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.