समुद्रातल्या पिकाला वाण देणारे फांग झोंगशी

शेतकरी बंधूंनो, वाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ज्वारी, कपाशी, तूर उभी राहते. पण ज्याला ना जमीन लागते ना पाऊस, अशाही एका पिकाचे सुधारित वाण निघालेले आहेत. हे पीक म्हणजे केल्प नावाचे तपकिरी समुद्रशेवाळ. चीन, जपान, कोरियात ते भाजीसारखे खातात. त्याचे पान पट्ट्यासारखे, दोन-तीन मीटर किंवा त्याहूनही लांब वाढते. या पिकाला पहिला सुधारित वाण ज्यांनी दिला त्या फांग झोंगशी यांची ही हकीकत.

फांग यांचा जन्म 1912 साली चीनच्या फुजियान प्रांतात झाला. शियामेन विद्यापीठात जीवशास्त्र शिकले, पुढे आग्नेय आशियातील चिनी शाळांमध्ये मास्तरकी केली. 1949 मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, तीही मानवी आनुवंशिकतेवर. म्हणजे शेवाळाशी तोवर काही संबंध नाही, हे लक्षात घ्या.

1950 साली ते मायदेशी परतले, तेव्हा तिकडे वेगळेच वारे वाहत होते. रशियाच्या लायसेन्कोचे मत सरकारी मत झाले होते. पिकाला चांगले खाऊपिऊ घातले, थंडी-उन्हात मुरवले, की तो गुण पुढच्या पिढीत आपोआप उतरतो, असे ते मत. मेंडेलची आनुवंशिकता म्हणजे परकीयांचे थोतांड! फांग मेंडेलचेच शास्त्र शिकून आलेले, आणि त्यांच्याकडे काम आले शाळेची पुस्तके लिहिण्याचे. त्या काळची पुस्तके सरकारी मताला धरूनच निघत. शिकलेल्या माणसाची यापेक्षा मोठी अडचण कोणती? 1953 च्या सुमारास ते चिंगदाओ या बंदराच्या गावी प्राध्यापक म्हणून गेले. ऑगस्ट 1956 मध्ये याच गावी आनुवंशिकतेवर मोठी परिषद भरली आणि दोन्ही मते शिकवायला, तपासायला मोकळीक मिळाली. ही मोकळीक मिळाली नसती तर पुढचे काम झाले असते, असे मला तरी वाटत नाही.

केल्प मूळचे चीनचे नाहीच. 1927 च्या सुमारास ते जपानहून दालियान बंदरात येऊन रुजले. पन्नासच्या दशकात त्सेंग चेंगकुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी थंड पाण्याच्या टाक्यांत उन्हाळ्यात रोपे तयार करण्याची आणि कमी कसाच्या पाण्यात खत देण्याची पद्धत बसवली. तरंगत्या दोरांवर लागवड वाढली. पण वाण? वाण नव्हताच. सगळे मिसळीचे बियाणे, एक पान रुंद तर शेजारचे चिंचोळे. शिवाय पाणी थोडे तापले की पीक मार खाई.

फांग यांनी 1958 पासून हाच प्रश्न हाती घेतला. इथे पिकाची रीत समजून घ्या. केल्पला फूल नाही, बी नाही. पानावर डाग पडतात, त्यातून डोळ्याला न दिसणारे बीजाणू सुटतात. त्यांचे दोन तऱ्हेचे बारीक धागे होतात, काही नर, काही मादी. त्यांच्या मिलनातून पुन्हा मोठे पान येते. एकाच पानाचे बीजाणू वेगळ्या भांड्यात ठेवले, तर नर आणि मादी दोन्ही एकाच घरचे. म्हणजे झाले स्वपरागीकरण! फांग यांनी असेच पिढ्यान्‌पिढ्या केले आणि दर पिढीत चांगली पाने तेवढी राखली. आपण कणसे निवडतो तशीच ही निवड पद्धत. त्यातून हायचिंग-1 हा वाण तयार झाला. पान मोठे आणि जरा जास्त तापमानालाही टिकणारे. 1962 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. लांबीचा गुण पुढच्या पिढीत उतरतो, नुसत्या खाऊपिऊ घालण्यावर अवलंबून नसतो, हे आकड्यांनिशी दाखवता आले.

मग 1966 साली सांस्कृतिक क्रांती आली आणि विद्यापीठांचे काम विस्कटले. सत्तरच्या दशकात फांग पुन्हा प्रयोगशाळेत दिसतात. आता नजर त्या बारीक धाग्यांवर. नर वेगळा, मादी वेगळी, थंड ठिकाणी मंद उजेडात ठेवले की धागे वर्षानुवर्षे जिवंत राहतात, वाढवावे तेवढे वाढतात. एकट्या मादी धाग्यापासूनही, नराशिवाय, पान तयार होऊ शकते असे त्यांच्या गटाला आढळले. त्यातून दानहाय-1 हा वाण निघाला. पुढे निवडक नर व निवडक मादी धागे एकत्र आणून दानझा-10 हा संकर केला. आपल्याकडे ज्वारीचा सीएसएच-1 संकर 1964 मध्ये आला, तिथे नर-मादी ओळी शेतात सांभाळाव्या लागतात. इथे त्या काचेच्या बाटलीत बसतात, एवढाच फरक.

या सगळ्यात त्यांनी सामान्य वाचकांसाठी उत्क्रांतीवर पुस्तके लिहिली, डार्विनच्या मुख्य ग्रंथाच्या चिनी भाषांतरातही हात लावला.

1985 मध्ये फांग वारले. त्यानंतर चिंगदाओच्या संशोधकांनी धाग्यांच्याच पद्धतीने पुढचे संकर काढले.

कोकणातल्या वाचकांसाठी एक सूचना. केल्पला थंड पाणी लागते, आपल्या किनाऱ्याच्या उबदार पाण्यात ते तग धरणार नाही. तेव्हा कोणी त्याची रोपे विकायला आला तर पैसे देऊ नका. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर दिसणारे तपकिरी सरगॅसम हे वेगळे शेवाळ आहे.