डॉ. जॉन विल्सन आणि वल्हांडणाची भाकर

उमापुरासारख्या खेड्यात प्रभुभोजनाची भाकर मोडिली जाते, तेव्हा हा विधी साहेबलोकांनी विलायतेहून आणिला असे पुष्कळांस वाटते. ही समजूत दूर करण्यास डॉ. जॉन विल्सन यांचे चरित्र उपयोगी पडेल.

विल्सन यांचा जन्म १८०४ साली स्कॉटलंडात झाला. १८२९ साली ते मुंबईस आले व मराठी शिकले. मुंबईत व कोकणात राहणारे बेने-इस्राएल लोक यहूदी असून मराठी बोलत. परंतु इब्री भाषा त्यांतील बहुतेकांस येत नसे. विल्सन यांनी त्यांच्या मुलांसाठी शाळा काढिल्या व १८३२ साली मराठीतून इब्री व्याकरण छापिले. पुढे १८४३ साली त्यांनी मिसर, सीनाय व पॅलेस्टाईन येथे प्रवास केला.

हे लोक ख्रिस्ती व्हावेत अशी त्यांची इच्छा होती; पण तसे फारसे घडले नाही. इब्री शिकून पुष्कळजण आपल्याच धर्मात दृढ झाले. १८४६ साली मुंबईत त्यांच्या वल्हांडणाचा ग्रंथ मराठी अर्थासह छापला गेला. विल्सन १८७५ साली मुंबईतच वारले.

मिसरातील दास्यातून झालेली सुटका इस्राएल लोक वल्हांडणाच्या भोजनात स्मरत आले. मत्तय, मार्क व लूक यांच्या सांगण्याप्रमाणे प्रभूने त्याच भोजनाच्या वेळी शिष्यांस भाकर व प्याला दिला. तेव्हा बंधुजनहो, ही पंगत सुटका पावलेल्या दासांची आहे. तीत उच्चनीच भेद करणे, किंवा ज्यांच्या घरून ती आपणांकडे आली त्या यहूद्यांस तुच्छ लेखणे, आपणांस शोभत नाही.