तुमच्या पगाराच्या फाईलचं नातं १८९० च्या जनगणनेशी आहे, ते जोडणारा माणूस म्हणजे हर्मन हॉलेरिथ

महिनाअखेर आली की एचआरमध्ये धांदल उडते. हजेरीची फाईल पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये चढतच नाही. कारण बहुतेकदा क्षुल्लक असतं. ००४५ नंबरचा कर्मचारी एक्सेलमध्ये नुसता ४५ झालेला असतो, ५ मार्चची तारीख ३ मे म्हणून वाचली जाते, नाहीतर साडेआठ तास ८.५० ऐवजी ८.३० लिहिलेले असतात.

माणूस समजून घेतो, मशीन घेत नाही. मशीनला प्रत्येक गोष्ट ठरलेल्या जागीच लागते. ही शिस्त सगळ्या देशाच्या मोजणीला लावून दाखवली ती हर्मन हॉलेरिथ यांनी.

त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० चा, अमेरिकेतल्या बफेलोचा. आईवडील जर्मनीतून आलेले. १८७९ मध्ये कोलंबियातून शिकून बाहेर पडले आणि १८८० च्या जनगणनेच्या कामाला लागले. तिथं कारकून हातानं आकडे मांडायचे. हे काम सात-आठ वर्षं चाललं. लोकसंख्या तर वाढतच होती.

उपाय सुचला रेल्वेत. कंडक्टर तिकिटाला ठरावीक जागी भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचे. हॉलेरिथ यांनी तेच प्रत्येक माणसाच्या कार्डावर केलं. वय, लिंग, जन्मस्थान, प्रत्येकाची जागा ठरलेली. कार्डावर पिना दाबल्या की भोकातून गेलेली पिन खालच्या पाऱ्याला टेकायची, वीज वाहायची आणि काटा एकानं पुढं सरकायचा.

१८८९ मध्ये पेटंट मिळालं. १८९० च्या जनगणनेत ६ कोटी २६ लाखांहून जास्त लोकांची मोजणी याच मशीनवर झाली.

१८९६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वे मालवाहतुकीचा हिशोब याच कार्डांवर करू लागली. पण पुढं भाड्यावरून जनगणना खात्याशी बिनसलं. खात्यानं स्वतःची मशीन बनवायला घेतली आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं.

१९११ मध्ये हॉलेरिथ यांनी कंपनी विकली. ती ज्या कंपन्यांमध्ये विलीन झाली, त्यातली एक कामगारांच्या हजेरीची घड्याळं बनवायची. म्हणजे हजेरी नोंदवणारं घड्याळ आणि आकडेमोड करणारं मशीन तेव्हाच एका छपराखाली आले. १९२४ मध्ये या कंपनीचं नाव पडलं आयबीएम. १७ नोव्हेंबर १९२९ ला हॉलेरिथ वारले.

कार्डं गेली, कॉलम राहिले. चुकीच्या जागी भोक पडलं तर मशीन कुरकुर न करता चुकीचंच मोजायचं. आजची फाईल अडली तर निदान कळतं तरी. पण ८.३० तास बिनबोभाट चढले, तर रोजची बारा मिनिटं कुणाच्या तरी पगारातून जातात.

म्हणून फाईल चढवण्याआधी तीन गोष्टी बघा. कर्मचारी नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा, तारीख सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहा आणि मिनिटांना साठनं भागून तास करा.