बाटलीवाल्यांकडचा पोरगा आणि टोल नसलेला पूल

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या गेटवरून बांद्र्याला टॅक्सी करून बघा. ड्रायव्हर आधी एकच गोष्ट विचारतो, सी लिंकने घेऊ की माहीमवरून? सी लिंकने गेलात तर समुद्र दिसतो, वारा लागतो, ट्रॅफिक चुकतं आणि टोल बसतो. माहीमवरून गेलात तर दादरपासून रखडत जाता, खाडीचा वास येतो, पण एक रुपया द्यावा लागत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी मैत्रिणी जे. जे.चं प्रदर्शन बघायला गेलो होतो. येताना घोटीला फास्टॅगचा बीप, पडघ्याला पुन्हा बीप. त्यामुळे बांद्र्याला जाताना आम्ही अर्थातच माहीम म्हणालो. खाडी ओलांडताना ड्रायव्हरकाकांनी सहज सांगितलं, की हा रस्ता एका बाईने स्वतःच्या पैशाने बांधून घेतला होता, आणि ज्या कॉलेजातून तुम्ही निघालात ते तिच्या नवऱ्याच्या पैशाने उभं राहिलं. घरी येऊन वाचायला बसले, तर हे खरंच निघालं. आणि त्यात ड्रायव्हरकाकांनी न सांगितलेलंही बरंच काही होतं.

जे. जे. म्हणजे सर जमशेटजी जीजीभाई. आपल्यातले कितीतरी जण नाशिकहून पोर्टफोलिओची मोठी फाइल काखेत मारून पंचवटी एक्स्प्रेसने तिकडे अ‍ॅडमिशनला जातात. कुणाची आजी-आजोबा ‘जे. जे. हॉस्पिटल’ला अ‍ॅडमिट असतात. पण या दोन जे म्हणजे नक्की कोण, हे आपण कधी विचारलेलं नसतं. मी तरी नव्हतं विचारलं.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घराणं गुजरातेतल्या नवसारीचं, पारशी, आणि परिस्थिती बेताची. आपल्या डोक्यात पारशी म्हटलं की मोठा बंगला आणि जुनी गाडी येते, ती इथे लावू नका. शिक्षण म्हणाल तर गुजराती लिहिणं-वाचणं आणि हिशेब. सोळा वर्षांचा होईतो आई आणि वडील दोघंही गेले. पोरगा मुंबईत आला तो फ्रामजी बाटलीवाला नावाच्या नातलगाकडे. बाटलीवाला हे आडनाव उगाच नाही, रिकाम्या बाटल्या विकण्याचाच धंदा होता त्यांचा. आज आपण ज्याला भंगारवाला म्हणून गेटवरून परत पाठवतो, साधारण त्या जातीचा धंदा. जमशेटजींनाही पुढे बाटलीवाला हे नाव चिकटलं. त्यांचं मूळ नाव जमशेद. मुंबईत गुजराती व्यापाऱ्यांमध्ये वावरायचं तर नावाला तसा बाज हवा, म्हणून त्याचं जमशेटजी झालं. ब्रँडिंग आपल्या पिढीने शोधून काढलंय असं वाटत असेल तर सोडून द्या.

१७९९ मध्ये, म्हणजे आपण अकरावीत असतो त्या वयात, हा मुलगा जहाजाने चीनला गेला. पुढच्या काही वर्षांत त्याने अशा पाच सफरी केल्या. १८०३ मध्ये लग्न झालं, मुलगी बाटलीवाल्यांच्याच घरातली, आवाबाई. वयाने अगदीच लहान होती, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. नवरा लग्नानंतरही समुद्रावरच.

चौथ्या सफरीची गोष्ट मात्र सिनेमासारखी आहे. १८०५ चं साल. इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध पेटलेलं. जमशेटजी ज्या जहाजावर होते त्याचं नाव ‘ब्रुन्सविक’. श्रीलंकेजवळ फ्रेंचांनी ते पकडलं, माल गेला, आणि माणसांना कैदी करून आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेलं. तिथून हा माणूस कसाबसा कलकत्त्यामार्गे घरी पोहोचला. हातात काही नाही. पण त्या जहाजावर एक स्कॉटिश डॉक्टर होता, विल्यम जार्डिन. कैदेत ओळख झाली ती आयुष्यभर टिकली. हा जार्डिन पुढे डॉक्टरकी सोडून व्यापारात पडला आणि ‘जार्डिन मॅथेसन’ ही कंपनी त्याने काढली. चीनच्या किनाऱ्यावरची सगळ्यात बडी कंपनी. तिचा मुंबईतला सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे जमशेटजी.

व्यापार कसला? सुरुवातीला कापसाचा. युरोपातल्या युद्धांमुळे कापसाचे भाव चढले आणि जमशेटजींनी त्यात बक्कळ कमावलं. मग त्यांनी स्वतःची पेढी काढली, स्वतःची जहाजं घेतली. भागीदार कोण होते बघा. मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान, रोजेरिओ द फारिया हे गोव्याचे ख्रिश्चन, आणि स्वतः पारशी. पण कापसाबरोबर चीनला जाणारा दुसरा माल होता अफू. आणि खरी संपत्ती आली ती अफूतूनच.

इथे जरा थांबू या, कारण बहुतेक ठिकाणी हे एका ओळीत उरकतात, किंवा ‘चीनशी व्यापार’ एवढंच लिहून मोकळे होतात. अफू पिकायची माळव्यात, इंदूर-उज्जैनच्या आसपास. तिथून ती मुंबईच्या बंदरात यायची. माळव्याहून मुंबईला येणारा जुना रस्ता म्हणजे आपला आग्रा रोड, चांदवड, नाशिक, थळ घाट, तोच. चीनमध्ये अफूला बंदी होती. तरीही ती किनाऱ्यावर चोरून उतरवली जायची आणि तिकडे घरंच्या घरं व्यसनात बुडायची. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झेश्यू यांनी परदेशी व्यापाऱ्यांची अफू जप्त करून नष्ट केली. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. मग इंग्रजांनी चीनवर युद्ध लादलं, चीन हरला, १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. त्याच १८४२ मध्ये इंग्लंडच्या राणीने जमशेटजींना नाइट केलं. हा किताब मिळालेले ते पहिले भारतीय. आणि सरांची बायको म्हणून आवाबाई झाल्या ‘लेडी जमशेटजी’.

हे वाचल्यावर मला दोन दिवस या माणसाबद्दल लिहावंसंच वाटेना. मग पैसा आला कुठून हे पाहिलं तसं तो गेला कुठे हेही बघावं म्हटलं.

१८२२ मध्ये मुंबईच्या तुरुंगात कर्ज फेडता आलं नाही म्हणून डांबलेली गरीब माणसं होती. जमशेटजींनी त्यांची कर्जं भरून टाकली आणि त्यांना बाहेर काढलं. १८३४ मध्ये मोतीचंद यांच्याबरोबर मुंबईत पांजरपोळ काढली. सरकारने गुरं चारायला पैसे लावले, तर यांनी ठाकुरद्वारच्या बाजूला कुरण विकत घेऊन तिथे चराई फुकट केली. चर्नी रोड हे नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. एक गोष्ट लक्षात येतेय का? गरिबाच्या वाटेत कुणीतरी हात पसरून पैसे मागत उभं आहे, आणि हा माणूस येऊन ते पैसे भरून त्याला बाजूला करतो. पुलाची गोष्ट तशीच आहे. फक्त त्यात तो हात सरकारचा होता आणि पैसे भरणाऱ्या होत्या आवाबाई.

तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणायची तर आजचा नकाशा विसरा. माहीमला मुंबई बेट संपायचं. पलीकडे साष्टी, म्हणजे बांद्रा, अंधेरी, थेट ठाण्यापर्यंत. मधे खाडी, जिथे मिठी नदी समुद्राला मिळते. बांद्र्याची मासळी, भाजी, दूध मुंबईच्या बाजारात यायचं ते होडीतून. साष्टीला जायला सायनकडून एक रस्ता होता, गव्हर्नर डंकनच्या काळात भराव टाकून १८०५ मध्ये पुरा केलेला. पण माहीमच्या माणसाला समोर दिसणाऱ्या बांद्र्याला जायला तो केवढा वळसा! शिवाय त्या सायनच्या रस्त्यावर कित्येक वर्षं टोल होता. हो, तेव्हाही होता. त्यामुळे गोरगरीब होडीच धरायचे.

पावसाळ्यात काय होत असेल ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं की गोदेची काय ताकद असते ते आपण पुलावर उभं राहून, मोबाइल काढून बघतो. पूलच नाही आणि त्या पाण्यात होडी घालायची आहे अशी कल्पना करा, आणि वर भरतीची लाट. १८४१ च्या सुमारास वादळात माहीमच्या खाडीत वीसेक होड्या उलटल्या. माणसं बुडाली.

त्यानंतर पुलाची मागणी जोर धरू लागली. कंपनी सरकारने आराखडा केला, खर्चाचा अंदाज काढला आणि पैसे नाहीत म्हणून हात वर केले. हा भाग वाचताना मला हसूच आलं. प्रस्ताव तयार, निधी नाही. आपल्याकडच्या कितीतरी पुलांची बातमी अशीच तर असते.

आवाबाई पुढे आल्या त्या इथे. त्यांनी पैसे दिले, पण अट घातली, की या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडूनही सरकारने टोल घ्यायचा नाही. सरकारला मान्य करावंच लागलं. १८४३ मध्ये काम सुरू झालं. पद्धत साधी, पण मेहनतीची. दोन्ही काठांकडून खाडीत दगड-मातीचा भराव घालत पुढे सरकायचं, आणि भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर जायला मधे कमानींचा पूल. चिखल इतका की भराव खाली बसत जायचा. आवाबाईंचे पहिले एक लाख रुपये काम अर्ध्यावर असतानाच संपले. सरकार पुन्हा त्यांच्याकडे. त्यांनी आणखी ५७,००० दिले. एकूण १,५७,००० रुपये, १८४० च्या दशकातले. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला.

त्यांनी हे का केलं, याबद्दल एक दंतकथा बांद्र्यात सांगतात. आवाबाईंचं मूल आजारी होतं, त्यांना बांद्र्याच्या माउंट मेरीला नवस बोलायला जायचं होतं, पण वादळामुळे खाडी ओलांडता येईना. मग त्यांनी तिथेच नवस केला, की मूल वाचलं तर इथे रस्ता बांधीन. गोष्ट छान आहे, पण मला तिच्यापेक्षा टोलची अट जास्त बोलकी वाटते. नवस फेडणारा माणूस पूल बांधून मोकळा होईल. उद्या त्यावर कोण जाणार, कोण अडवणार आणि कोणाच्या खिशात पैसे नसणार, हा विचार आवाबाईंनी केला होता. ज्या घरात नवरा इंग्रजांबरोबर करोडोंचे सौदे करतो, त्या घरातल्या बाईला मासळीवालीच्या दोन पैशांचा हिशेब माहीत होता.

त्याच १८४५ मध्ये जे. जे. हॉस्पिटलही सुरू झालं. जमशेटजींनी मोठी रक्कम दिली आणि सरकारकडून तेवढीच घालून घेतली. पुण्यात बंड गार्डन आहे ना, त्यातला ‘बंड’ म्हणजे मुळा-मुठेवरचा बंधारा. पुण्याला पाणी मिळावं म्हणून झालेल्या त्या कामातही मोठा वाटा यांचाच. १८५७ मध्ये, देशभर उठाव पेटलेला असताना, मुंबईत त्यांच्या एक लाखाच्या देणगीतून स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्याच वर्षी ते बॅरोनेट झाले, तोही मान मिळालेले पहिले भारतीय. इंग्रजांशी त्यांचं किती सख्य होतं हे यावरून कळतं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. १४ एप्रिल १८५९ ला ते गेले. आवाबाई त्यांच्यानंतर अकरा वर्षं जगल्या.

आमच्या कट्ट्यावर यावरून जोरदार भांडण झालं. एक मित्र म्हणाला की अफूचा पैसा तो अफूचाच, पूल बांधला म्हणून तो धुतला जात नाही. जे. जे.ला शिकणारी मैत्रीण चिडली. तिचं म्हणणं, मग मी काय कॉलेज सोडू? मला विचाराल तर दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिलेल्या राहू द्याव्यात. चिनी घरं उद्ध्वस्त झाली हेही खरं, आणि होडी उलटून मरणारी माणसं वाचली हेही. एक पान फाडून दुसरं वाचायचं, हे मला जमणार नाही.

रस्त्याचं पुढे काय झालं? गाड्या वाढल्या आणि १५०-१६० वर्षांनी माहीमलाच वळसा घालणारा पूल लागला. तोच वांद्रे-वरळी सी लिंक, २००९ मध्ये सुरू झालेला, टोलसकट. अटल सेतू २०२४ मध्ये आला, त्यालाही टोल आहे. आपल्या इगतपुरीतून जाणाऱ्या, कसारा घाट चुकवणाऱ्या समृद्धीलाही आहे. एवढे मोठे पूल आणि बोगदे फुकट होत नाहीत, हे कळतं मला. पण माहीमच्या रस्त्यावर, मुंबईत रिक्षांची हद्द जिथे संपते तिथे, आजही कुणी पावती फाडत नाही.

पुढच्या वेळी दादरला उतरलात आणि शिवाजी पार्कवरून माहीमकडे निघालात, तर रस्त्याच्या नावाची पाटी बघा. सगळे त्याला एल. जे. रोड म्हणतात. एल. जे. म्हणजे लेडी जमशेटजी. पाटीवर आवाबाई हे नाव नाही.