अहिल्यादेवी : सावरलेली आणि सावरणारी

इंदूरच्या राजवाड्यासमोर अहिल्यादेवी होळकरांचा पुतळा आहे. शहराचे विद्यापीठ आणि विमानतळही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. मंदिरे, घाट आणि न्यायदान यांसाठी त्यांचे नित्य स्मरण होते. मात्र खचलेल्या मनाला जवळच्या माणसांनी कसे सावरावे, हा प्रश्नही त्यांच्या चरित्रात वारंवार उभा राहिलेला दिसतो.

३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले आणि अहिल्यादेवी सती जाण्यास सिद्ध झाल्या. स्वतः पुत्रशोकात बुडालेल्या मल्हाररावांनी सुनेची विनवणी करून तिला परावृत्त केले. ते एवढ्यावरच थांबले नाहीत. त्यांनी तिच्यावर कारभार सोपवला. १७६५ च्या त्यांच्या पत्रांत सुनेला तोफखाना आणि रसद यांविषयीच्या सूचना आढळतात. जगण्याचा आग्रह धरणाऱ्याने जगण्याला कारणही द्यावे लागते, हे त्या अनुभवी सरदाराने ओळखले होते.

१७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले. गादीवर आलेल्या मालेरावांचे चित्त लवकरच भ्रमले. सर जॉन माल्कम यांनी नोंदवलेल्या हकिकतीनुसार, संशयावरून आपण ठार केलेला कारागीर निर्दोष होता हे कळल्यावर पश्चात्तापाने त्यांना घेरले आणि मृताचा आत्मा त्यांना झपाटून आहे, असे लोक मानू लागले. माता रात्रंदिवस उशाशी बसून राहिली. मुलाला सोडलेस तर तुझे देऊळ बांधीन, तुझ्या कुटुंबाला जमीन देईन, अशी तिने त्या आत्म्याची आळवणी केली. माया अपार होती, पण त्या काळाच्या समजुतीपलीकडचा मार्ग कोणालाच ठाऊक नव्हता. १७६७ मध्ये मालेराव गेले.

त्यानंतर जवळजवळ तीन दशके अहिल्यादेवींनी महेश्वराहून राज्य केले. इंदूरचे लहानसे गाव त्यांच्याच काळात भरभराटीस आले. उतारवयात नातू गेला, पाठोपाठ जावई यशवंतराव फणसेही गेले. कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाली, तेव्हा तीन दशकांहून अधिक काळापूर्वी सासऱ्यांनी आपल्याला केली तीच विनवणी आता अहिल्यादेवींनी लेकीला केली. रूढीच्या आणि शोकाच्या बळापुढे ती निष्फळ ठरली. माल्कम लिहितात की, चितेजवळ दोघांनी त्यांचे हात धरून ठेवले होते आणि पुढे तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, शब्दही उच्चारला नाही. नंतर लेकीच्या स्मारकाचे काम त्यांनी हाती घेतले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

मल्हाररावांनी जे उपजत जाणिवेने केले, ते शिकवता येते, याचा दाखला आपल्या गोव्यातच घडला. १९९६ मध्ये येथे स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्यग्रस्तांना त्यांनी सुटून गेलेली कामे आणि तुटलेल्या गाठीभेटी हळूहळू पुन्हा सुरू करण्यास साहाय्य केले. नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळाल्यावर अधिक गुण येतो, असे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. पुढे इंदूरपासून फारशा दूर नसलेल्या सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांनाही हीच पद्धत शिकवण्यात आली.

मालेरावांसारखे चित्त भ्रमते तेव्हा डॉक्टरांची गरज असतेच. गोव्यात त्यासाठी बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे आणि १४४१६ हा टेलीमानसचा क्रमांक देशभर उपलब्ध आहे. परंतु तिथवर रुग्णाचा हात धरून नेणारे कोणी तरी घरात, वाड्यावर असावे लागते. अहिल्यादेवींपाशी माया होती, धीर होता, सत्ताही होती. उणीव होती ती केवळ या विद्येची, आणि ती आज आपल्याला शिकता येते.