डॉ. कमला सोहोनी : प्रयोगशाळेतली सोबत



कसाऱ्याहून इगतपुरीला येणारी गाडी घाट चढते तेव्हा तिला मागून बँकर इंजिनं ढकलतात, हे तुम्ही लहानपणापासून बघत आलात. रसायनशास्त्रातलं संशोधनही तसंच असतं. नाव एकाचं होतं, पण ढकलणारे हात पुष्कळ असतात. डॉ. कमला सोहोनी यांचं आयुष्य बघा, म्हणजे पटेल.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, तर लेखिका दुर्गा भागवत त्यांची थोरली बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तिथले संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एका वर्षासाठी, अटी घालून प्रवेश मिळाला. विचार करा, त्या दिवशी त्या गप्प घरी परतल्या असत्या तर?

तिथे श्रीनिवासय्या या गुरूंनी त्यांना मनापासून शिकवलं. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून त्यांनी एम.एस्सी. मिळवली. काम बघून रामन यांचंही मत बदललं आणि पुढच्या मुलींना वाट मोकळी झाली.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. आधी डेरेक रिक्टर यांनी आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. ते दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम सुरू झालं. बटाट्यावर प्रयोग करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असतं, हे कमलाबाईंच्या लक्षात आलं. पेशींच्या श्वसनात हे प्रथिन महत्त्वाचं. या कामावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

भारतात परतल्यावर दिल्ली आणि कुन्नूर इथे काम करून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. आता हात देण्याची पाळी त्यांची होती. विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी डाळी, तांदळाचं पीठ आणि नीरा यांचा अभ्यास केला. गरिबाच्या ताटातलं स्वस्त अन्न किती पौष्टिक आहे, हा त्यांचा प्रश्न होता. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. १९९८ साली त्यांचं निधन झालं.

मुलांनो, उद्या तुमच्या प्रयोगाच्या टेबलाशी कुणी नवखा घुटमळला, तर जरा सरकून त्याला जागा द्या.