सुगरणीचं घरटं विणतो नर! नोकरी गेलेल्या सलीम अलींनी किहीममध्ये काय पाहिलं?

सुगरण हे नावच स्त्रीलिंगी. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही पिलांसाठी खोपा विणते ती आईच. प्रत्यक्षात मात्र खोपा विणतो नर. या पक्ष्याच्या संसाराची खरी गोष्ट उलगडली डॉ. सलीम अलींनी, तीही घराजवळच्या झाडांवरची घरटी पाहून.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडील लहानपणीच गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवलं. साधारण दहाव्या वर्षी छर्‍याच्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय संग्रहातले पेंढा भरलेले पक्षीही दाखवले. इथून पक्ष्यांचं वेड लागलं.

पण वेडावर पोट भरत नाही! विद्यापीठाची पदवी नसल्यानं पक्षितज्ज्ञाची सरकारी नोकरी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगण्याचं काम मिळालं. पुढं ते बर्लिनला जाऊन एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतले, तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली!

मग ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. पावसाळ्यात घराजवळ सुगरणींची वसाहत भरली. अलींनी शिडीवर कापडी आडोसा उभारला आणि त्यात तासन् तास बसून प्रत्येक घरट्याची नोंद ठेवली.

त्यांना दिसलं ते असं: नर गवताच्या लांब पात्या आणून अर्धं घरटं विणतो आणि थांबतो. माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला घरटं पसंत पडलं, की तो नळीसारखं प्रवेशद्वार विणून काम पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली, की हा दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी! म्हणजे एका हंगामात एका नराचे एकापाठोपाठ एक असे अनेक संसार. सोसायटीच्या जर्नलमध्ये हा अभ्यास छापून आला आणि बेकारीच्या काळातल्या या कामानं त्यांना पक्षिशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवून दिलं.

१९३९ मध्ये तेहमिना गेल्या. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. चित्रं पाहून अंगणातला पक्षी ओळखणं त्यामुळं सामान्य माणसालाही जमू लागलं. १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचं सदस्यत्व मिळालं. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

यंदा पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला किंवा शिंदीला खोपे लटकलेले दिसले, तर कॅमेरा घेऊन जरूर थांबा. डोक्यावर पिवळी टोपी असलेला दिसेल, तो नर. फोटो मात्र लांबूनच, आडोशाला बसून काढा. फांदी वाकवू नका, घरट्याला हात लावू नका. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच जा. अर्धवट दिसलेल्या खोप्याचं पुढं काय झालं, ते तेव्हाच कळेल.